उंदराची कवटी आणि तिचा मुलूख

उंदीर घराबाहेर कसा घालवावा एवढ्यापुरताच आपण सामान्यतः त्याचा विचार करतों. त्याच्या कवटीचा विचार करावा, आणि तोही आफ्रिकेंतील उंदराच्या कवटीचा, ही कल्पना ऐकून कांहीं श्रोत्यांना हंसूं येण्याचा संभव आहे. परंतु आपल्याकडील जुन्या घराण्यांत एक वाक्य अद्याप लोकांच्या स्मरणांत असेल: ‘घरांत उंदीर पडला.’ १८९६ सालीं मुंबईच्या मांडवी भागांत प्लेग दिसूं लागला आणि पुढें तो पुण्यापासून खेड्यापाड्यांपर्यंत पसरला. त्या काळांत हे तीन शब्द कानीं पडतांच माणसें राहतें घर सोडून गांवाबाहेर झोपड्या घालून राहावयास जात. मरणारा उंदीर आणि मरणारा माणूस यांच्यामधला दुवा म्हणजे पिसू, हें १८९८ सालीं सीमाँ या फ्रेंच वैद्यानें कराचींत प्रयोग करून दाखविलें. तेव्हांपासून अमुक उंदीर कोणत्या जातीचा, हा प्रश्न एकट्या प्राणिशास्त्रज्ञांचा राहिला नाहीं.

हाच प्लेग जहाजांतून जगभर फिरला. बोअर युद्धाच्या दिवसांत तो दक्षिण आफ्रिकेच्या बंदरांत उतरला. १९०१ सालीं केपटाउनला त्याची साथ आली, आणि १९०४ सालीं जोहान्सबर्गच्या भारतीय वस्तींत तो शिरला. त्या वेळीं मदनजित यांनीं एका रिकाम्या घराचें कुलूप तोडून रोगी आंत आणले आणि गांधीजींनीं त्यांची शुश्रूषा केली, ही हकीकत आत्मकथेच्या वाचकांना ठाऊकच आहे. पुढें ती सबंध वस्ती जाळून टाकण्यांत आली. परंतु रोग तेवढ्यानें देशांतून गेला नाहीं. बंदरांतल्या व शहरांतल्या घरउंदरांपासून तो आंतल्या गवताळ माळरानांतील रानउंदरांत गेला आणि तेथें त्यानें ठाण मांडलें. पुढील कालांत एक चमत्कारिक गोष्ट दिसून आली. देशाच्या कांहीं भागांत माणसांना प्लेग पुन्हां पुन्हां होई. दुसऱ्या कांहीं भागांत, तशाच दिसणाऱ्या उंदरांची वस्ती असूनही, तो होत नसे. या कोड्याच्या उत्तरांत कवटीचा वांटा मोठा आहे. तें उत्तर नीट समजावयाचें, तर कवटी म्हणजे काय आणि ती मुलखागणिक कां बदलते, हें पहिल्यानें पाहिलें पाहिजे.

कुरतडणाऱ्या प्राण्याची कवटी हातांत घेतली म्हणजे प्रथम नजरेंत भरतात ते पुढचे चार दांत, वर दोन व खालीं दोन. सुताराच्या पटाशीसारखी त्यांना धार असते, म्हणून त्यांना पटाशीचे दांत म्हणतात. त्यांच्या पुढच्या बाजूवर फार कठीण थर असतो, मागची बाजू त्या मानानें मऊ असते. मऊ बाजू लवकर झिजते आणि धार आपोआप लागत राहते. हे दांत जन्मभर वाढत असतात. त्यांच्या मागें सुळे नाहींत. बरीच मोकळी जागा, आणि मग दाढा. दोन्ही गालांच्या बाजूंस हाडाची एकेक कमान असते. चावण्याचा मुख्य स्नायु तिच्या आधारानें काम करतो. कवटीच्या तळाशीं, मागल्या अंगाला, कानांच्या जागीं पातळ हाडाचे दोन फुगीर डबे असतात. त्यांना आपण कर्णकोश म्हणूं. दांत, कमान आणि कर्णकोश एवढीं तीन ठिकाणें लक्षांत ठेवलीं तर आजच्या विषयापुरतें पुरें आहे. हीं सर्व हाडें इंच-दीड इंच लांबीच्या जागेंत बसवावयाचीं असतात, आणि एकानें जास्त जागा घेतली कीं शेजारच्याला ती कमी पडते. चाळींत बिऱ्हाड केलेल्यांना ही अडचण अधिक समजावून सांगावयास नको.

आतां मुलूख कवटी कशी घडवितो, याचीं दोन उदाहरणें पाहूं. आफ्रिकेंत जमिनीखालीं आयुष्य काढणाऱ्या प्राण्यांचें एक स्वतंत्र कुळ आहे. त्यांना आपण भुयारी उंदीर म्हणूं. मात्र नात्यानें ते घरउंदरापेक्षां साळिंदराला अधिक जवळचे आहेत. केप प्रांतांतील किनाऱ्याच्या भुसभुशीत वाळूंत राहणारा मोठा भुयारी उंदीर पुढच्या पायांच्या लांब नख्यांनीं वाळू उकरतो. त्याचे भाऊबंद मात्र दांतांनीं जमीन खणतात. त्यांपैकीं सर्वांत प्रसिद्ध म्हणजे केनिया, इथिओपिया व सोमालिया येथील कोरड्या, टणक जमिनींत राहणारा केशहीन भुयारी उंदीर. याचे ओंठ दांतांच्या मागें मिटतात, म्हणून खणतांना तोंडांत माती जात नाहीं. आतां दोघांच्या कवट्या शेजारीं ठेवा. वाळूवाल्याच्या वरच्या पटाशीच्या दांताचें मूळ दाढांच्या वरच संपतें. टणक जमीन खणणाऱ्याचें मूळ वरच्या जबड्याच्या हाडांतून मागें मागें जात दाढांच्याही पलीकडे पोंचतें. गोठ्यांतला खुंट जितका खोल ठोकावा तितका तो ओढ सहन करतो. तेंच हें तत्त्व. मुलूख म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें नकाशा येतो. परंतु उंदराच्या दृष्टीनें पाहूं गेलें तर पायाखालची माती हाच पुष्कळदां त्याचा मुलूख असतो.

दुसरें उदाहरण कानाचें. दक्षिण आफ्रिका, नामिबिया व बोट्स्वाना यांच्या कोरड्या भागांत आंखूड कानांचा एक जर्बिल राहतो. जर्बिल म्हणजे लांब मागच्या पायांचा, रात्रीं हिंडणारा, वाळवंटांत रुळलेला उंदीर. या कुळांतील एक प्रतिनिधि आपल्या दख्खनच्या शेतांतही आहे. एके काळीं तो आणि आफ्रिकेंतील त्याचे पुष्कळ भाऊबंद ‘टाटेरा’ या एकाच प्रजातींत घालीत असत. पुढें कुळाची नीट चौकशी झाली तेव्हां आफ्रिकेंतल्यांना वेगळें नांव मिळालें, आणि टाटेरा हें नांव भारतापासून सीरियापर्यंत पसरलेल्या या एका जातीपुरतें उरलें. असो. या आंखूड कानांच्या जर्बिलाचा बाहेरचा कान लहान, पण आंतला कर्णकोश इतका फुगलेला, कीं कवटी वरून पाहिली तरी दोन्ही डबे मागच्या अंगास बाहेर आलेले दिसतात. ओलसर, गवताळ मुलखांतल्या उंदरांत हेच डबे लहान असतात.

असें कां व्हावें? कानाच्या पडद्यामागें बंद हवा असते. पडदा आंत दबतांना ती हवा दाबली जाते आणि पडद्याला मागें रेटते. डबा लहान असला तर हा रेटा जास्त. पडदा ताठर राहतो आणि खर्जांतले मंद आवाज त्याला हलवूं शकत नाहींत. डबा मोठा असला तर हवेला वाव मिळतो आणि तेच आवाज पडदा सहज पकडतो. उघड्या माळावर, जेथें दडावयास झुडूपहि नाहीं, तेथें घुबडाच्या पंखांची फडफड किंवा सरपटत्या सापाची हालचाल ही अशाच खालच्या पट्टींतल्या ध्वनीनें कळते. हा केवळ तर्क नाहीं. अमेरिकेच्या वाळवंटांत अशाच मोठ्या कर्णकोशाचा कांगारू-उंदीर आहे; त्याच्यावर वेब्स्टर नांवाच्या शास्त्रज्ञानें केलेले प्रयोग १९६२ सालीं प्रसिद्ध झाले. ज्या उंदरांच्या कर्णकोशांतली हवेची जागा त्यानें भरून टाकली, ते घुबडाच्या व सापाच्या तोंडीं पडले. ज्यांचे कान शाबूत होते, ते ऐन क्षणीं उडी मारून निसटले. कवटीवरील दोन मिलिमीटरांचा फुगवटा म्हणजे काय, हें या प्रयोगावरून चांगलें उमगतें.

आकारमानाची गोष्ट इतकी सरळ नाहीं. थंड मुलखांत प्राणी मोठे व उष्ण मुलखांत लहान, असा एक नियम १८४७ सालीं बेर्गमान या जर्मन पंडितानें मांडला. मोठ्या देहाला वजनाच्या मानानें पृष्ठभाग कमी, म्हणून उष्णता कमी निसटते, असें त्याचें गणित. शालेय पुस्तकांना असले नियम फार आवडतात, कारण त्यांवर प्रश्न काढणें सोपें जातें. आफ्रिकेंतील उंदीर मात्र या नियमाला पुष्कळदां जुमानीत नाहींत. तेथील कांहीं जातींत कवटीची लांबी उष्णतामानापेक्षां पावसाच्या मानाशीं अधिक जुळते. जेथें पाऊस तेथें गवत व दाणा, आणि जेथें दाणा तेथें वाढीला वाव. शिवाय हा बदल एकदम होत नाहीं. पावसाच्या पट्ट्यांतून कोरड्या पट्ट्याकडे जावें तसतशी कवटी थोडी थोडी बदलत जाते. ज्यूलियन हक्स्ले यानें १९३८ सालीं अशा क्रमशः बदलाला एक शास्त्रीय नांव दिलें. मराठींत आपण त्याला ‘उतार’ म्हणूं. दर बारा कोसांवर भाषा बदलते असें आपण म्हणतों, तोच हा प्रकार. कोंकणांतून देशावर व तेथून खानदेशांत जातांना मराठीचा तोंडवळा बदलत जातो, पण अमक्या वेशीपाशीं एक भाषा संपली व दुसरी सुरू झाली असें कोणी सांगूं शकत नाहीं. मात्र असेंच पुढें चालत गेलें, तर खरोखरच दुसरी भाषा लागते. कवट्यांच्या अभ्यासांतलें खरें कठीण काम हेंच: हा नुसता उतार, कीं येथें दुसरी जात सुरू झाली?

हें काम प्रथम ज्यांनीं नेटानें केलें, त्यांत एका गृहस्थांचा आपल्या इलाख्याशीं निकटचा संबंध आहे. रॉबर्ट चार्ल्स रॉटन हे मुंबई इलाख्याच्या जंगलखात्यांत नोकरीला होते. पेन्शन घेऊन ते इंग्लंडला परतले, आणि लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्यें ओल्डफील्ड टॉमस यांच्या सान्निध्यांत उंदरांच्या कवट्या मोजीत बसले. टॉमस यांनीं आपल्या हयातींत सस्तन प्राण्यांच्या सुमारें दोन हजार जाती व उपजाती नव्यानें वर्णिल्या. रॉटन यांनीं १९०५ सालीं दक्षिण आफ्रिकेंतील चार पट्ट्यांच्या उंदरावर आणि १९०६ सालीं तेथील दलदलीच्या गवतांत राहणाऱ्या ओटोमिस नांवाच्या जाड दाढांच्या उंदरावर निबंध लिहिले. पुढें १९११ सालीं आपल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनें भारतांतील सस्तन प्राण्यांची पाहणी सुरू केली, तिचा खानदेशाविषयींचा पहिला अहवालही यांनींच लिहिला. मी स्वतः पेन्शनर असल्यामुळें, पेन्शनींत निघालेल्या माणसानें दुर्बिणीऐवजीं व्हर्नियर हातांत घ्यावा याचें मला कौतुक वाटतें, हें कबूल करतों.

चार पट्ट्यांच्या उंदराच्या पाठीवर चार गर्द रेघा असतात. दिवसा हिंडणारा हा प्राणी केपच्या किनाऱ्यापासून उत्तरेकडे दूरवर आढळतो. स्पारमान या स्वीडिश प्रवाशानें १७८४ सालींच त्याचें वर्णन केलें होतें. रॉटन यांनीं निरनिराळ्या प्रांतांतील कातडीं व कवट्या शेजारीं मांडल्या आणि त्यांच्या कित्येक उपजाती पाडल्या. एकीला झुलूंचा राजा चाका याचें नांव दिलें, दुसरीला बासूटोंचा राजा मोशेश याचें. मधल्या कोरड्या कारू प्रदेशांतील एका प्रकाराला, तो दोहोंच्या मधला दिसला म्हणून, ‘इंटरमीडियस’ म्हटलें. पुढील पिढीच्या शास्त्रज्ञांना ही नांवांची रेलचेल उगीचच वाटली, आणि त्यांनीं सर्वांची मोट बांधून एकच जात मानली. हा एकीकरणाचा निवाडा पुष्कळ वर्षें चालला.

जुन्या पद्धतीचा खरा दोष असा होता, कीं ती एका वेळेस एकच माप घेई. कवटीची लांबी इतके मिलिमीटर, रुंदी इतके, दाढांची ओळ इतकी. दोन कवट्या लांबीनें निराळ्या निघाल्या, तर त्या घडणीनें निराळ्या आहेत कीं एक नुसती मोठी व दुसरी लहान आहे, हें त्यांतून कळत नाहीं. शाळेंत मुलें कित्ता गिरवितात. एकाचें अक्षर बोराएवढें, दुसऱ्याचें ज्वारीच्या दाण्याएवढें. पण वळण दोघांचें एकच असूं शकतें. उलट सारख्याच उंचीच्या दोन ओळींचें वळण अगदीं भिन्न असतें. मास्तर नजरेनें हें ओळखतो. कवटीच्या बाबतींत नजरेचें हें काम गणिताकडून करून घ्यावें, ही दिशा डार्सी टॉम्प्सन या स्कॉटिश पंडितानें १९१७ सालच्या ग्रंथांत दाखविली. त्यानें एका प्राण्याचें चित्र चौकटीच्या कागदावर काढलें, आणि त्याच्या नातलगाचें चित्र होण्यासाठीं त्या चौकटी कशा वांकवाव्या लागतात, तें दाखविलें. परंतु शेंकडों कवट्यांसाठीं हातानें असें करणें मनुष्याच्या आवांक्याबाहेरचें होतें. गणकयंत्रें आलीं तेव्हां तें शक्य झालें.

आज रीत अशी आहे. कवटीवर ठराविक खुणेचे बिंदु धरतात: नाकाच्या हाडाचें टोंक, दाढांच्या ओळीचा आरंभ, कमानीचा सांधा, कर्णकोशाची कड, इत्यादि. प्रत्येक कवटीवर तेच बिंदु, त्याच क्रमानें. मग यंत्र सर्व कवट्यांचे बिंदु-समूह एका जागीं आणतें, लहानमोठेपणा काढून टाकतें, आणि ते एकमेकांवर नीट बसेपर्यंत फिरवितें. या रीतीला प्रोक्रस्टीझचें नांव दिलेलें आहे. ग्रीक पुराणांतला हा दुष्ट यजमान पाहुण्याला आपल्या पलंगाच्या मापाचा करी. आंखूड असला तर ताणी, लांब असला तर पाय तोडी. गणितांतला प्रोक्रस्टीझ तितका क्रूर नाहीं. तो सर्वांना सारख्या मापाचे करतो खरा, पण कोणाचाहि अवयव तोडीत नाहीं. आणि मापें सारखीं केल्यावर जो फरक शिल्लक राहतो, तोच घडणीचा फरक. काढून टाकलेला लहानमोठेपणा बाजूला लिहून ठेवलेला असतोच. मग घडणीचा फरक एकीकडे आणि पाऊस, उंची, अक्षांश दुसरीकडे, असा मेळ घालून पाहतां येतो.

येथें एक सावधगिरी अवश्य घ्यावी लागते. पिलाची कवटी म्हणजे प्रौढाच्या कवटीची लहान प्रत नव्हे. पिलाचें मेंदूचें घर मोठें व नाक आंखूड असतें. वाढतां वाढतां नाक लांबतें आणि कमान बळकट होते. त्यामुळें एका गांवाहून म्हातारे उंदीर आले आणि दुसऱ्या गांवाहून तरणे, तर मुलखाचा म्हणून जो फरक दिसेल तो खरोखर वयाचा असेल. म्हणून दाढांची झीज पाहून कवट्यांचे वयवार वर्ग करतात, आणि बरोबरीच्यांशींच बरोबरीच्यांची तुलना करतात. शिवाय टांझानियासारख्या देशांत उंदरांची वीण व वाढ पावसाच्या पाठोपाठ होते. एकाच शेतांतले सुकाळांत वाढलेले व दुष्काळांत वाढलेले उंदीर सारखे भरत नाहींत. एवढी काळजी न घेतां नवी जात जाहीर करणाऱ्यांनीं या शास्त्रांत बराच गोंधळ घालून ठेवला होता.

चार पट्ट्यांच्या उंदराचें पुढें काय झालें, तें सांगतों. २००३ सालीं त्याच्या आनुवंशिक द्रव्याची तपासणी प्रसिद्ध झाली, आणि एक मानलेल्या जातींत निदान दोन जाती आहेत असें ठरलें. पश्चिमेच्या कोरड्या मुलखांतली एक, पूर्वेच्या ओल्या गवताळ मुलखांतली दुसरी. पहिलीच्या उंदरांचे कुटुंबासारखे गट एका घरट्यांत राहतात. दुसरीचे उंदीर एकएकटे असतात. २०१२ सालीं आणखी बारकाईनें पाहतां एकूण चार जाती मानाव्या अशी सूचना पुढें आली. त्यांतील एकीसाठीं रॉटन यांचें इंटरमीडियस हें १९०५ सालचें नांव पुन्हां बाहेर काढावें लागलें, आणि पूर्वेकडील एका शाखेला आजचे शास्त्रज्ञ चाका राजाच्याच नांवानें ओळखतात. रॉटन यांच्याजवळ कातडीं, कवट्या आणि त्यांस बांधलेल्या चिठ्ठ्या याखेरीज दुसरें कांहीं नव्हतें. त्यांच्या सर्वच उपजाती टिकल्या असें नाहीं. पण ज्या टिकल्या, त्या शंभर वर्षें मोडीत काढल्यानंतर टिकल्या.

आतां प्लेगच्या कोड्याकडे येऊं. आफ्रिकेच्या शेतांत व झोपड्यांत सर्वांत जास्त सांपडणारा उंदीर म्हणजे मास्टोमिस. मादीला स्तनांच्या आठपासून बारापर्यंत जोड्या असतात, म्हणून त्याला बहुस्तनी उंदीर म्हणतात, आणि त्याची वीणहि त्याच मानानें भरभरून असते. माळावरील जर्बिलांत प्लेग धुमसत असतो. जर्बिल माणसाच्या घरांत येत नाहीं. बहुस्तनी उंदीर मात्र शेतांतून घरांत व घरांतून शेतांत सारखा ये-जा करतो. रानांतला रोग माणसाच्या उंबरठ्यापर्यंत आणणारा हाच. दीर्घकाळ दक्षिण आफ्रिकेंत त्याची एकच जात मानीत. पुढें जिवंत उंदरांच्या पेशींतील गुणसूत्रें मोजलीं, तेव्हां कांहींत ३२ निघालीं व कांहींत ३६. रंग, शेपूट, आकार यांत डोळ्यांना फरक दिसत नव्हता. पण या दोन भिन्न जाती होत्या. ३२ वाली नातालेन्सिस आणि ३६ वाली कूचा.

१९८३ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दोहोंच्या प्रयोगशाळेंत जन्मलेल्या पिढीला प्लेगचे जंतु टोंचण्यांत आले. कूचा उंदीर अगदीं थोड्या जंतूंनीं बळी पडले. नातालेन्सिस उंदरांनीं रोगाला पुष्कळच तोंड दिलें. आणि नकाशा पाहतां, माणसांतील प्लेगचा मुलूख कूचाच्या मुलखाशीं, म्हणजे आंतल्या पठाराशीं, मिळताजुळता आढळला. जेथें नातालेन्सिसची वस्ती मुख्य, तेथें माणसांत प्लेगची नोंद नव्हती. उंदराला रोग चटकन मारतो, तेव्हां त्याच्या पिसवा थंड पडलेला देह सोडून दुसरें ऊन रक्त शोधूं लागतात. ‘उंदीर पडला’ या आपल्या शब्दांतलें भय नेमकें हेंच होतें.

परंतु अडचण अशी, कीं गुणसूत्रें मोजावयास जिवंत किंवा नुकता मेलेला उंदीर लागतो. संग्रहालयांत पूर्वींच्या साथींच्या काळापासून सांठविलेले शेंकडों नमुने होते, त्यांची जात कशी ठरवावी? येथें कवटी उपयोगी पडली. ज्यांचीं गुणसूत्रें मोजून जात पक्की झाली होती, अशाच उंदरांच्या कवट्यांची अनेक मापें घेण्यांत आलीं आणि गणितानें असा मेळ बसविण्यांत आला, कीं एकेक माप घेतलें असतां दोन्ही जाती एकमेकींत मिसळतात, पण सर्व मापें एकत्र धरलीं असतां त्या बऱ्याच अंशीं वेगळ्या पडतात. हें काम १९९३ सालीं प्रसिद्ध झालें. अशा रीतीनें कपाटांतील मुक्या नमुन्यांनाहि जातीचें नांव देतां येऊं लागलें, आणि कोठें कोणता उंदीर होता हा नकाशा मागच्या काळांत नेतां आला.

पश्चिम आफ्रिकेंत याच बहुस्तनी उंदराचें दुसरें प्रकरण चालूं आहे. १९६९ सालीं नायजेरियांतील लासा गांवाच्या नांवानें एक घातक ताप उघडकीस आला. १९७२ सालीं सिएरा लिओनमध्यें साथ आली, तेव्हां त्याचा विषाणु मास्टोमिस उंदरांत सांपडला. परंतु त्या भागांत एकसारखे दिसणारे तीन मास्टोमिस आहेत: घरांत राहणारा नातालेन्सिस, मोकळ्या शेतांत व माळावर आढळणारा एरिथ्रोल्यूकस, आणि पाणथळ जागेंतला हुबर्टी. कोणता घातक? २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या गिनी देशांतील पाहणींत विषाणु मिळालेले सर्व उंदीर नातालेन्सिस निघाले. पुढें नायजेरियांत दुसऱ्या एकदोन जातींतहि तो आढळला. येथें कवटीची मर्यादा दिसते. या तिघांच्या कवट्यांचीं मापें इतकीं एकमेकांवर चढतात, कीं एकेका उंदराचा निवाडा तिच्यावर सोंपवितां येत नाहीं. आनुवंशिक तपासणीच करावी लागते. शिवाय नातालेन्सिस टांझानियांतही विपुल आहे, पण तेथें लासा ताप नाहीं. तेथील उंदरांत मोरोगोरो नांवाचा त्याच कुळांतला दुसरा विषाणु असतो. दोन्हीकडचे उंदीर एकाच जातीचे, पण निरनिराळ्या शाखांचे. आणि लासा त्यांतल्या पश्चिमेच्या शाखेलाच चिकटून राहिला आहे.

म्हणून आजचे अभ्यासक कवटी व आनुवंशिक द्रव्य दोन्ही जपतात. उंदीर सांपळ्यांत सांपडला कीं मांसाचा बारीक तुकडा मद्यार्कांत टाकतात. डोकें वाळवून संग्रहालयांत एका प्रकारच्या किड्यांच्या पेटींत ठेवतात, आणि ते किडे हाडाला धक्का न लावतां मांस खाऊन टाकतात. मग स्वच्छ कवटीला दोऱ्यानें चिठ्ठी बांधतात. तिच्यावर उंदराच्या नांवाची जागा कित्येकदां कोरीच ठेवतात, कारण नांव पुढें बदलूं शकतें. गांव, तारीख आणि नर कीं मादी, एवढें मात्र त्याच दिवशीं, न पुसणाऱ्या शाईनें लिहितात.